राजनिवास ते रोगप्रतिबंध : परळच्या एका जुन्या वास्तूची कथा

मुंबईतील परळ म्हटले की आज रुग्णालयांची नावे प्रथम ओठांवर येतात. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, त्याच्या परिसरातील वाडिया रुग्णालये आणि १९४१ पासून कर्करुग्णांचा आधार ठरलेले टाटा स्मारक रुग्णालय ही सर्व एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे आप्तेष्ट हातात कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन आचार्य दोंदे मार्गावरून रोज ये-जा करीत असतात. याच मार्गावर हाफकिन संस्थेचे प्रवेशद्वार आहे. सर्पदंशावरील प्रतिविष, कुत्रा चावल्यावर द्यावयाची लस, पोलिओचा डोस या संदर्भांत हे नाव महाराष्ट्रातील बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा पोहोचलेले आहे. परंतु संस्थेच्या आवारातील जुनी भव्य वास्तू मुळात प्रयोगशाळा म्हणून बांधलेली नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते एक घर होते, आणि त्या घरात तीन शतकांहून अधिक काळात अत्यंत निरनिराळी माणसे राहून गेली.

धर्मादाय रुग्णालयाच्या अहवालात एखाद्या जुन्या घराचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या घराच्या कथेतच आहे. ज्या घरातून रोगाच्या भीतीने एके काळी त्याचे धनी निघून गेले, तेच घर पुढे त्या रोगांशी झुंजण्याचे ठिकाण झाले. ते स्थित्यंतर कसे घडले, त्यासाठी कोणी काय किंमत मोजली, आणि त्यातून आपणासारख्या आरोग्यसेवेतील मंडळींनी काय घ्यावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मठ, मंदिर आणि मेजवान्या

मुंबई बेटे पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती, तेव्हा परळ हे ताडामाडांचे, भातखाचरांचे गाव होते. तेथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ आणि त्याला जोडून प्रार्थनामंदिर होते. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. परळचा मठ त्यानंतरही काही दशके जेझुइट पंथीयांकडे होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने तो जप्त केला, आणि मठाचा बंगला झाला. प्रारंभी गव्हर्नर तेथे हवापालटासाठी येत. त्यांचे नित्याचे वास्तव्य कोटाच्या आत, आजच्या फोर्ट भागात असे. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेले विल्यम हॉर्नबी यांनी परळला आपले निवासस्थान केले. महालक्ष्मी व वरळी यांमधील समुद्र अडविणारा बांध दीर्घकाळ ज्यांच्या नावाने ओळखला गेला, तेच हे हॉर्नबी.

जुन्या प्रार्थनामंदिराच्या उंच भिंती पाडून टाकण्याऐवजी त्या घरातच सामावून घेण्यात आल्या. जेथे पूर्वी प्रार्थना होत, तेथे खालच्या मजल्यावर भोजनाचे दालन आणि वरच्या मजल्यावर नृत्याचे दालन तयार झाले. १८२५ साली येथे उतरलेले बिशप हेबर हे स्वतः धर्मगुरू असल्याने, एके काळच्या चर्चमध्ये मेजवान्या झडताना पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते. वास्तूच्या आयुष्यातील हे पहिले मोठे परिवर्तन. मठाचा राजनिवास झाला.

ग्रंथांच्या सहवासातील एक भाडेकरू

या घरात राहिलेले सर्वच गव्हर्नर नव्हते. १८०४ साली मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश म्हणून आलेले सर जेम्स मॅकिंटॉश यांना गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी परळचा बंगला राहण्यासाठी दिला. मॅकिंटॉश मोठे ग्रंथप्रेमी होते. विलायतेहून आणलेल्या ग्रंथांसाठी त्यांना येथे प्रशस्त दालने मिळाली. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळला त्यांच्या घरी काही निवडक मंडळी जमली आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. पुढे टाऊन हॉलमध्ये स्थिरावलेली आणि आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. म्हणजे मुंबईतील एका थोर ज्ञानसंस्थेचे जातक परळच्या घरात मांडले गेले. पुढे शतकभराने याच घरात ज्ञानोपासनेचे दुसरे पर्व सुरू व्हावयाचे होते. मात्र त्याचे स्वरूप सर्वस्वी वेगळे असणार होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्या वेळी पुण्यात रेसिडेंट व नंतर कमिशनर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८२७ पर्यंत त्या पदावर होते. दख्खनच्या कारभाराविषयी, शिक्षणाविषयी, जमीनमहसुलाविषयी घेतलेल्या कित्येक निर्णयांची चर्चा परळच्या दालनांत झाली असणार. त्यानंतरच्या अर्धशतकात येथे दरबार भरले, पाहुणे उतरले. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईस आले तेव्हा त्यांचा समारंभपूर्वक सत्कार येथेच झाला. घराच्या वैभवाचा तो कळस म्हणावा लागेल.

एक मृत्यू आणि ओस पडलेले घर

या वैभवाभोवती शहर मात्र वेगाने बदलत होते. १८५० च्या दशकापासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि परळ, लालबाग, चिंचपोकळी हा टापू गिरणगाव बनला. कोकणातून व देशावरून आलेली हजारो माणसे दाटीवाटीच्या चाळींत राहू लागली. सखल जमिनीवर पावसाचे व सांडपाण्याचे पाणी साचत असे. गव्हर्नरांच्या बागेच्या कुंपणाबाहेरची हवा आणि कुंपणाच्या आतील हवा एकच होती, आणि पाणीही फारसे निराळे नव्हते.

१८८० ते १८८५ या काळात सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. १८८२ च्या जानेवारीत त्यांच्या पत्नी लेडी ऑलिव्ह फर्ग्युसन पटकीने दगावल्या. प्रांतातील सर्वांत सुरक्षित, सर्वांत सुसज्ज मानलेल्या घराण्यावर हा आघात झाला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त व कलकत्ता येथे १८८३-८४ मध्ये ओळखून दाखविला, म्हणजे या मृत्यूनंतर. तोपर्यंत दूषित हवा हेच रोगाचे कारण, असे बहुतेक सरकारी वैद्यांचे मत होते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दूषित पाण्याकडे बोट दाखविले होते, परंतु त्याचा स्वीकार सावकाश होत होता. कारण ठाऊक नसले की उपाय उरतो तो एकच, जागा सोडणे. मलबार पॉइंटवरील समुद्राकाठचा बंगला गव्हर्नरांना आधीपासून प्रिय होताच. या घटनेनंतर थोड्याच वर्षांत तो त्यांचे कायमचे निवासस्थान झाला. तेच पुढे राजभवन म्हणून ओळखले गेले.

परळचे घर ओस पडले. गव्हर्नरांना टेकडीवर जाता आले. कुंपणाबाहेरच्या चाळींतील लोकांना मात्र कोठेही जाता येण्यासारखे नव्हते.

नवे रहिवासी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ज्वर व जांघेत-काखेत गाठी असलेले रुग्ण आढळू लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती. मेलेले उंदीर तेथे लोकांच्या दृष्टीस पडत होते, पण त्यांचा रोगाशी नेमका संबंध काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हाँगकाँगमध्ये १८९४ साली येर्सिन व कितासातो यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे गूढच होते.

सरकारने जे उपाय योजले ते रोगाइतकेच भयावह वाटावे असे होते. घरांची झडती, रुग्णांना बळाने इस्पितळात नेणे, नातलगांना छावण्यांत अलग ठेवणे, सामानसुमान जाळणे हे सर्व झाले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत इतकी पक्की होती की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, आणि जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. एकाच रोगाने एकीकडे सेवेची आणि दुसरीकडे संतापाची परिसीमा दाखविली.

या धामधुमीत खाटा कमी पडू लागल्या, तेव्हा सरकारने परळच्या रिकाम्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगचे इस्पितळ उघडले. जेथे युवराजांसाठी गालिचे अंथरले गेले होते, तेथे शहरातील प्लेगचे रुग्ण आणून निजविले गेले. या घराचे हे सर्वांत अल्पकालीन रहिवासी. गव्हर्नरांच्या तसबिरी इतिहासात जपल्या गेल्या. या माणसांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. तरीही घराला नवा अर्थ दिला तो त्यांनीच, असे म्हणावेसे वाटते. येथून पुढे ही वास्तू पुन्हा कधीही राजनिवास झाली नाही.

बिऱ्हाडे बदलत आलेली प्रयोगशाळा

प्लेगची बातमी पोहोचताच सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन हे मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून हिंदुस्थानात हिंडून त्यांनी हजारो लोकांना ती लस दिली. ज्या रोगाने परळचे घर रिकामे केले, त्याच रोगावर या गृहस्थाने आपली उमेदीची वर्षे खर्च केली होती. पुढे तेच घर त्यांच्या स्वाधीन व्हावे, हा योगायोग विलक्षण खरा.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांच्या अविश्रांत श्रमांनंतर लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, तीही नंतर लोकांना द्यावयाच्या मात्रेहून बरीच अधिक. ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली, आणि त्या स्थितीतही त्यांनी काम चालू ठेवले. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता, तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोग कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले, असे दिसून आले. त्यानंतर मागणी इतकी वाढली की कॉलेजातील जागा पुरेना. काही काळ मलबार हिलवरील सरकारी बंगल्यात आणि नंतर तिसरे आगाखान यांनी दिलेल्या खुश्रू लॉज या वास्तूत हाफकिन यांचे काम चालले. आगाखान यांनी केवळ जागा दिली नाही, तर आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेऊन त्यांची भीती घालविली.

शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’चे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. गव्हर्नर आले ते पाहुणे म्हणून. घर आता दुसऱ्याचे होते.

तुपाच्या थेंबाखाली वाढणारी लस

त्या काळी लस कशी तयार होत असे, हे थोडक्यात सांगणे उद्बोधक ठरेल. मोठ्या चंबूंमध्ये मांसरसाचा पोषक द्रव भरून त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस धरून वाढू लागत आणि गुहेच्या छतावरून चुन्याच्या लोलकांनी लोंबावे, तसे द्रवात खाली लोंबत. ठरावीक दिवसांनी चंबू हलविला की ते तळाशी जाऊन बसत आणि नवी वाढ सुरू होई. असे सुमारे सहा आठवडे चालल्यावर द्रव तापवून जंतू मारून टाकीत. मेलेल्या जंतूंपासून रोग होत नाही. मात्र शरीर त्यांना परके म्हणून ओळखते व प्रतिकाराची सिद्धता करून ठेवते. हेच लसीचे मूलतत्त्व होय. ही लस घेतलेल्या प्रत्येकाचे संपूर्ण संरक्षण होत असे, असे नव्हे, आणि तिचा प्रभावही काही महिन्यांपुरताच टिकत असे. परंतु ज्या काळी प्लेगवर गुणकारी असे एकही औषध नव्हते, त्या काळी एवढा दिलासाही फार मोठा होता. आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि वेळीच उपचार झाल्यास रुग्ण वाचतो.

हाफकिन यांचा आणखी एक आग्रह लक्षात ठेवण्याजोगा आहे. लस ऐच्छिक असावी, सक्तीने देऊ नये, असे त्यांचे मत होते. सरकारी पथकांच्या बळजबरीने लोक बिथरलेले असताना, आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या या माणसाभोवती लोक विश्वासाने जमत होते.

कुपी क्रमांक ५३-एन

याच घराच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण परळपासून शेकडो कोस दूर घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना परळहून आलेली लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्या दिवशी पाच कुप्या वापरल्या गेल्या होत्या. दगावलेले सर्वजण एकाच कुपीतून लस घेतलेले होते आणि तिचा क्रमांक होता ५३-एन.

दोष कोणाचा? परळच्या प्रयोगशाळेतच द्रव दूषित झाला होता, की गावात कुपी उघडताना? चौकशी आयोगाने, कुपी उघडण्यापूर्वीच ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते १९०४ मध्ये विलायतेस गेले. परंतु कागदपत्रांत एक बाब नमूद होती. कुपी उघडण्यासाठी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताच्या जंतूंचे बीज मातीत असते आणि ते साध्या द्रावणाने सहजी मरत नाही. शिवाय कुपी उघडताना तिला दुर्गंध येत नव्हता. द्रव कित्येक आठवड्यांपूर्वीच दूषित झालेला असता, तर तो आल्यावाचून राहिला नसता. लंडनच्या लिस्टर संस्थेच्या तपासणीतूनही हाफकिन यांची बाजू बळकट झाली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले, आणि जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांची निर्दोषता मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा नोकरीत घेतले, मात्र कलकत्त्यास. परळच्या घराचा कारभार त्यांच्याकडे पुन्हा आला नाही.

रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण दोन कारणांसाठी स्मरणात ठेवावे. पहिले असे की, एक चिमटा ज्योतीवर धरावयास लागणारे क्षणभराचे श्रम आणि एकोणीस जीव यांत एवढेच अंतर होते. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका प्रत्येक साधन मोजते, तपासते, पुन्हा निर्जंतुक करावयास पाठविते, तेव्हा तो काटेकोरपणा कोणाला वेळकाढूपणा वाटू नये. दुसरे असे की, सत्य शोधता आले ते नोंदींमुळे. कुपीचा क्रमांक, ती भरल्याचा दिवस, ती उघडणाऱ्याचे निवेदन हे लिहून ठेवलेले नसते, तर एका निरपराध माणसाच्या माथी तो कलंक कायमचा राहिला असता, आणि खरे कारण अंधारात राहून तीच चूक पुन्हा घडली असती.

उंदीर, पिसू आणि उंचावर टांगलेले पिंजरे

हाफकिन गेले तरी घर थांबले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, असे दाखविले होते. पण ते मत बहुतेकांनी मान्य केले नव्हते. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला याचा छडा लावण्यासाठी पद्धतशीर प्रयोग केले. ग्लेन लिस्टन हे त्यांतील प्रमुख संशोधकांपैकी एक. प्लेगग्रस्त जागेत काही गिनीपिग मोकळे सोडले, काहींचे पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले आणि काहींचे दोन फूट उंच टांगले. पहिल्या दोन प्रकारच्या प्राण्यांना प्लेग झाला, टांगलेल्यांना झाला नाही. हवा सर्वांना सारखीच होती. फरक होता तो पिसवेला उडी मारून पोहोचता येण्याचा.

उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि त्याच्यावरील पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात. पुढे १९१४ मध्ये लिस्टर संस्थेतील संशोधकांनी दाखविले की, पिसवेच्या आतड्याच्या तोंडाशी जंतूंचा गठ्ठा अडकून बसतो. त्यामुळे भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते व प्रत्येक वेळी जंतू चाव्यात सोडते. या शोधाने प्लेगविरोधी धोरणाची दिशाच बदलली. माणसांना कोंडण्यापेक्षा उंदरांना घरापासून दूर ठेवणे, धान्याच्या वखारी नीट बांधणे, पिसवांचा नायनाट करणे हे अधिक महत्त्वाचे ठरले. प्लेगने हिंदुस्थानात तीन-साडेतीन दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. ते पाहता हे कोडे उलगडण्याचे मोल किती होते, हे लक्षात येईल.

नाव मिळालेले घर

१९०६ साली प्रयोगशाळेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले, कारण तिचे कार्य प्लेगपुरते उरले नव्हते. १९२५ मध्ये तत्कालीन संचालक फ्रेडरिक मॅकी यांच्या सूचनेवरून तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले. ज्या घरातून त्यांना मानहानी पत्करून जावे लागले होते, त्याच घराच्या दारावर त्यांचे नाव लागले. हाफकिन तेव्हा हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

१९३० च्या दशकात साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्लेगची सुधारलेली लस, सल्फा गटातील औषधांचा प्लेगवरील उपयोग आणि औषधे देशातच तयार करण्याचा प्रश्न यांवर महत्त्वाचे कार्य झाले. कुत्रा चावलेल्या रुग्णांसाठी श्वानदंशाची लस येथे तयार होई. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या दंशावर उपयोगी पडणारी प्रतिविषरक्तद्रव्येही येथे बनू लागली. त्यासाठी साप पाळावे लागत, त्यांचे विष काढावे लागे आणि ते अत्यल्प मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवावे लागे. रहिवाशांच्या यादीत आता घोडे आणि सर्पही आले. शेतात राबताना फुरसे चावलेल्या कोकणातील किंवा देशावरील कित्येक शेतकऱ्यांचे प्राण त्या छोट्याशा कुपीने वाचविले आहेत.

१९७५ मध्ये लसी व औषधे यांच्या उत्पादनासाठी शासनाने हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्वतंत्रपणे स्थापन केले, आणि संशोधन, शिक्षण व चाचण्यांचे कार्य मूळ संस्थेकडे राहिले. महामंडळाने पुरविलेल्या तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीचा देशाच्या पोलिओ निर्मूलन मोहिमेत मोठा वाटा होता. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

समारोप

धर्मगुरू, गव्हर्नर, न्यायाधीश, प्लेगचे रुग्ण, शास्त्रज्ञ, मुके प्राणी असे या एका घराचे रहिवासी. प्रत्येकाने घर आपापल्या गरजेनुसार वापरले. १८८२ नंतर ते सोडून जाणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती रोगाविषयीचे ज्ञानच नव्हते. परंतु अवघ्या सतरा वर्षांत तेथे दुसरी माणसे येऊन राहिली. ती रोगापासून दूर पळाली नाहीत, तर तो चंबूत वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याच्याकडे पाहू लागली. भय होतेच, पण त्याच्या जागी हळूहळू समज आली.

आपले रुग्णालयही कोणाच्या तरी औदार्यातून मिळालेल्या भिंतींत उभे आहे. त्या भिंतींना मोल येते ते आत चालणाऱ्या कामाने. दारी आलेल्या रुग्णाला बळजबरी नव्हे तर विश्वास द्यावा, प्रत्येक साधन शुद्ध असावे, प्रत्येक नोंद खरी व पूर्ण असावी आणि चूक घडली तर माणसाला बळी देण्यापूर्वी कारण शोधावे. परळच्या जुन्या घराने मोठी किंमत देऊन शिकलेल्या या गोष्टी आहेत. आमच्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व सेवकवर्ग यांच्या नित्याच्या कामात त्यांचा विसर पडू नये, आणि विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांनीही त्यांचा आग्रह धरावा, एवढीच विनंती.